तारखेला येऊ नको

आईचं प्रेत खांद्यावर होतं आणि बागेच्या फाटकाला, बेड्याला कुलूप. आत बागेचे मालक अण्णा उभे, हातात किल्ल्या.

"मनाई हुकूम आहे तुमच्यावर. मढ्याला वेगळा कायदा नसतो."

मढं म्हणाले. जिनं जन्मभर त्यांच्या बागेतला पाचोळा ओढला, तिला!

आमच्या बौद्धवाडीची मसणवट बागेपलीकडे, खाडीच्या काठाला. तिकडची आणि शाळा-दवाखान्याचीही वाट बागेतूनच, आज्याच्याही आधीची. आम्ही खाजणाच्या चिखलातून वळसा घातला. एकाचा पाय रुतला, तिरडी कलंडली. आईचं तोंड चिखलानं भरलं. मी पदरानं पुसलं. बागेच्या दगडी गडग्यावरून कुणीतरी हसलं.

अण्णांनी वाटेवर दावा लावला तेव्हा मी शाळेत होते. बाबा वाडीचे म्होरके, म्हणून समन्स त्यांच्या नावानं आलं. बाबा अण्णांच्याच बागेत कामाला. ते समन्स घेऊन अण्णांकडेच गेले! अण्णा म्हणाले, "तारखेला येऊ नको. आंबा उतरायचे दिवस. मी सांगतो वकिलाला." बाबा पेट्या भरत बसले. तिकडे एकतर्फी हुकूम झाला, वाडीला वाट बंद. तेव्हापासून शाळेची पोरं, बाळंतिणी, सगळी खाजणातून. पण डोक्यावर आंब्याची पाटी असली की तीच वाट मोकळी! मेल्यांचा कायदा.

आईचा जलदानविधी झाला आणि मी रत्नागिरीत वकीलबाई गाठल्या. त्या म्हणाल्या, "हुकूम तात्पुरता आहे, दाव्याचा निकाल लागेपर्यंतचा. उठवायला अर्ज करता येतो. तुमच्याकडून कुणी आलंच नाही."

मला रडू नाही आलं. बाबांचा राग आला. खूप आला.

"शहाण्यानं कोर्टाची पायरी चढू नये, बाय," बाबा म्हणाले.

"अण्णा चढले. आपण शहाणे राहिलो. आईच्या तोंडात चिखल गेला."

बाबांनी अर्जावर सही केली.

काल अण्णा आमच्या अंगणात आले. पहिल्यांदाच. बाबांना म्हणाले, "तारखेला येऊ नको रे. तू गेलास की तुला बागेतूनच नेतील. शब्द देतो."

बाबांनी माझ्याकडे बघितलं.

"मेल्यावरचं राहू दे, अण्णा," मी म्हटलं. "आम्हाला जिवंतपणी चालायचंय. बाबा येणार."

सोमवारी तारीख आहे. हुकूम त्या दिवशी उठो न उठो, पुढच्या प्रत्येक तारखेला मी उभी राहणार. बाबा थकले तर पाठुंगळी घेऊन त्याच खाजणातून नेईन. पण आमच्या माघारी आमच्यावर आता हुकूम होणार नाही.