चकतीची आंघोळ

आमच्या कॉलेजात विज्ञानाला फार मान होता. म्हणजे वर्षातून एकदा त्याला हार घालत. एरवी प्रयोगशाळेची किल्ली विभागप्रमुखांच्या खिशात असे आणि काटे अडकलेले गॅल्व्हानोमीटर कपाटात झोपा काढत.

ऐंशीचं दशक संपत आलं होतं. द्रवरूप नायट्रोजनच्या थंडीत विजेला अजिबात अडथळा न करणारे काळे अतिवाहक पदार्थ नुकतेच सापडले होते. जगभर त्यांचीच चर्चा, आणि मी मात्र डोणगावहून एसटीने तालुक्याला जाऊन पेंगणाऱ्या वर्गाला तोच तो अभ्यासक्रम शिकवत होतो. नागपूरच्या एका प्राध्यापकांनी मला त्या पदार्थाची रुपयाएवढी चकती दिली. "वीज सगळेच मोजतायत, तुम्ही उष्णता मोजा," म्हणाले. चकती गार होत गेली की एका ठरावीक थंडीला विजेचा अडथळा संपतो आणि नेमकी तिथून उष्णताही जास्त सहज वाहू लागते. आलेखाला तिथे उचल दिसायला हवी. ती दिवाळीच्या आत दाखवली तर त्यांच्याकडे मला संशोधनाची पूर्णवेळ जागा होती, नाही तर ती दुसऱ्याला. मला त्या कॉलेजातून सुटायचं होतं आणि माझ्याकडे दुसरी वाट नव्हती.

चकती तांब्याच्या ठोकळ्यावर बसवायची, खालून नायट्रोजनने गारठवायची, वरून बारीक हीटरने ऊब द्यायची आणि दोन्ही बाजूंच्या तापमानातला फरक वाचायचा. हे सगळं मी जमवलं होतं. पाण्याशी मात्र या पदार्थाचं वाकडं. पाणी लागलं की तो पांढरा पडतो, भुसभुशीत होतो. म्हणून चकती काचेच्या बंद भांड्यात, ओल शोषणाऱ्या खड्यांवर ठेवली होती. विभागप्रमुखांना मी हे नीट समजावून सांगितलं. त्यांनी मान डोलावली. त्यांची मान कशालाही डोलत असे.

आमच्या भागात नायट्रोजन मिळे तो गुरांच्या दवाखान्यात. वळूचं रेत त्यात गोठवून ठेवत. दसऱ्याच्या आदल्या दिवशी तिथल्या डॉक्टरांनी मला एक कॅन भरून दिला. गाय घेऊन ताटकळलेला एक शेतकरी म्हणाला, "डाक्टर, मास्तरची बी गाय माजावर आली काय हो?" सगळे हसले, मीही हसलो. त्या दिवशी मी कोणालाही माफ केलं असतं.

कॅन घेऊन प्रयोगशाळेत आलो तर उदबत्तीचा धूर. खंडेनवमी होती. टेबलावर पांढरं कापड, त्यावर ओळीने गॅल्व्हानोमीटर, भिंगं, चुंबकं, सगळ्यांना हळदकुंकू आणि झेंडूची फुलं. मधोमध स्टीलच्या ताटलीत माझी चकती. ताटलीत दूधपाणी साचलं होतं.

"काऊन सर, असे काऊन पाह्यता?" विभागप्रमुख प्रसन्न होते. "नागपूरची वस्तू हाय, म्हनून तिलेच पहिला मान देला. सकाळीच दुधापान्यानं आंघोळ घातली. आता पाहा, तुमचा प्रयोग कसा सुटते!"

"सर, पाणी चालत नाही म्हणून सांगितलं होतं तुम्हाला."

"हाव, पन हे काय साधं पानी हाय काय? पूजेचं हाय!"

पदार्थविज्ञानाची एमएस्सी पदवी या गृहस्थांच्या घरी चौकटीत टांगलेली होती. पाण्याच्या अशा दोन जाती त्यांना कोणत्या विद्यापीठाने शिकवल्या, हे विचारायचं माझ्या ओठावर आलं होतं. शिपाई प्रसाद घेऊन आला आणि मी हात पुढे केला.

नायट्रोजन कॅनमध्येही हळूहळू उडतच असतो. त्यामुळे थांबता येत नव्हतं; तीच चकती पुसली, वाळवली आणि मोजमाप केलं. कडांवर पांढरा थर आला होता, तापमान मोजायच्या तारा नीट चिकटेनात. आलेख निघाला तो सपाट. जिथे उचल हवी तिथे काहीच नव्हतं. नागपूरला ते प्राध्यापक चकती बोटांत फिरवत म्हणाले, "ठेवा तुमच्याकडेच, कागदांवर वजन म्हणून." दिवाळीनंतर ती जागा दुसऱ्याला मिळाली. कॉलेजच्या वार्षिक अहवालात मात्र 'अतिवाहकांवर संशोधन' असा मथळा झळकला. त्याखाली विभागप्रमुखांचा फोटो होता.

पुढल्या खंडेनवमीला पुन्हा तेच कापड, तीच ओळ आणि मधोमध ती पांढुरकी चकती. "यंदा पूजा तुमीच करा सर, वस्तू तुमची हाय," विभागप्रमुख म्हणाले. मी तांब्या घेतला, फुलाने सगळ्यांवर पाणी शिंपडत गेलो. चकतीपाशी माझा हात आपोआप वळला आणि तिला सोडून पुढच्या भिंगावर गेला.

"अहो सर, हे राह्यलं ना," विभागप्रमुख म्हणाले. त्यांनी माझ्या हातातून तांब्या घेतला आणि तिच्यावर धार धरली.