रेसरला मडगार्ड

पावसाळ्यात माझ्या प्रत्येक शर्टाच्या पाठीवर मानेपासून कमरेपर्यंत एक काळा पट्टा असतो, आणि तो कापडाच्या डिझाइनचा भाग नाही.

तो सायकलचा प्रसाद आहे. लातूरच्या एका सरकारी कार्यालयात मी आवक-जावकचा कारकून. डॉक्टरांनी माझा साखरेचा रिपोर्ट बघून तोंड वाकडं केलं, तेव्हा पुण्याला निघालेल्या भाच्याची रेसर सायकल मी ठेवून घेतली आणि तिच्यावर ऑफिसला जाऊ लागलो. वाकडं हँडल, अंगठ्याएवढे टायर आणि चिखल अडवायला काहीही नाही. आमच्या वसाहतीपासून डांबरी रस्त्यापर्यंत अर्धा किलोमीटर निव्वळ काळी माती. ती मागच्या चाकावरून उडते आणि माझ्या पाठीवर रांगेत बसते.

माझी बायको शैला हे शर्ट धुऊन वैतागली होती. एकदा तिनं शांतपणे सांगितलं, "मडगार्ड बसवा, न्हाईतर रेनकोट उलटा घालून जात जावा."

सायकल घेऊन मी गफूरचाचांकडे गेलो. चाचांनी चाळीस वर्षं सायकली दुरुस्त केल्यात. त्यांनी चष्मा वर करून फ्रेम पाहिली, खाली वाकून पाहिली आणि सायकल माझ्याकडे परत ढकलली.

"साब, इसकू मडगार्डके वास्ते छेदच नै है. कायकू सताते बिचारीकू?"

नुसता छेदाचाच प्रश्न नव्हता. टायर आणि ब्रेक यांच्यामध्ये बोटसुद्धा जात नव्हतं. नाद सोडा, असं त्यांनी बजावलं. पण माझ्यात ही एक खोट आहे. कोणी नाद सोडा म्हटलं की माझे हात शिवशिवायला लागतात. त्याच संध्याकाळी मी मोबाइलवरून प्लास्टिकची मडगार्डं मागवली.

ती आली शनिवारी, आणि रविवारी शैलाचं भाषण होतं.

शैला अंगणवाडी सेविका आहे. वीस वर्षं लेकरं सांभाळली, पण माइकसमोर कधी उभी राहिली नव्हती. शाळेच्या मैदानावर महिला मेळावा होता, मोठ्या साहेबबाई यायच्या होत्या, आणि सगळ्या सेविकांच्या वतीनं पाच मिनिटं बोलायला शैलाचं नाव ठरलं होतं. तिनं भाषण लिहून मागितलं. मी शाईच्या पेनानं तीन पानं लिहून दिली. (बॉलपेननं लिहिलेल्या मजकुराला वजन नसतं, असं माझं मत होतं.) दुसऱ्याच वाक्यात 'उपरोक्त विषयास अनुसरून' आलं होतं. आठ दिवस ती पोळ्या लाटताना ते पाठ करत होती आणि आठही दिवस 'अनुसरून'ला अडखळत होती.

लेकीचं भाषण ऐकायला माझे सासरे देवणीहून शनिवारीच आले. मामांच्या दावणीला नावाजलेली देवणी बैलजोडी आहे, त्यामुळे ते जगातली प्रत्येक गोष्ट बैल म्हणूनच पारखतात. त्यांनी सायकलच्या सीटवर थाप मारली, चाकं चाचपली आणि निकाल दिला, "जनावर चपळ हाय जावईबापू, पर अंगात न्हाई."

तरी मदतीला बसले. मधे ब्रेक आडवा येत होता म्हणून मी आरीनं मडगार्डाचे दोन तुकडे केले, एक ब्रेकच्या पुढं, एक मागं. मामांनी ते तारेनं असे आवळले, की जणू गाडीला जू बांधतायत. चाक फिरवलं. खर्र. डावीकडं ओढलं. खर्र. उजवीकडं ओढलं तर आवाज बदलला, खुर्र झाला.

त्या आवाजानं मला बसू दिलं नाही. जेवताना तीनदा उठलो, उष्ट्या हातानं चाक फिरवलं. टीव्हीसमोरून उठलो. आंघोळीला पाणी काढलं आणि ते तसंच ठेवून ओट्यावर आलो. आत शैला म्हणायची, "आदरणीय व्यासपीठ," आणि बाहेरून सायकल म्हणायची, खर्र. शेवटी ती दारात आली.

"मी काय बोलायले आन् तुमची सायकल काय बोलायली, मला कायबी उमगंना."

रविवारी सकाळी मला उपाय सुचला. तार आणि फ्रेमच्या मधे जाडसर काहीतरी कोंबलं पाहिजे. टेबलावर शैलाची निळी पुठ्ठ्याची फाइल होती. मी आतली पानं काढून टेबलावरच तार आवळायच्या पकडीखाली ठेवली, फाइलच्या आतल्या घडीची पट्टी कात्रीनं कापली आणि फाइल होती तशी मिटून ठेवली. पट्टी दुमडून बसवली. चाक फिरवलं.

आवाज नाही!

ती शांतता ऐकायला मी सायकल घेऊन सिमेंटच्या गल्लीला दोन चकरा मारल्या. परत आलो तर घराला कुलूप. शैला आणि मामा ऑटोनं पुढं गेले होते, किल्ली नेहमीप्रमाणे तुळशीजवळ. आत आलो. टेबलावर फाइल नव्हती. पकड होती, आणि पकडीखाली तीन पानं होती.

फोन लावला. तो मिक्सरच्या मागं वाजला.

रात्रभर पाऊस पडून गेला होता. मी पानं शर्टाच्या आत पोटाशी धरली आणि निघालो. शंभर पावलं गेलो असेन, पायडल जड झालं. मला वाटलं साखर उतरली. आणखी जोर लावला. पण लातूरची काळी माती काय असते, हे मडगार्ड बनवणाऱ्याला ठाऊक नसावं. करंजीत सारण भरावं तशी ती टायर आणि मडगार्डाच्या मधे भरत गेली, दाबत गेली, आणि एका क्षणी चाक थांबलं. मी थांबलो नाही.

पडलो ते पोटावर. आजवर चिखल फक्त पाठीला लागायचा. आता पोट, तोंड, कान, कोणी वंचित राहिलं नाही. पानं काढून पाहिली. तिन्ही पानांवर निळं आभाळ भरून आलं होतं आणि त्यात एकच शब्द वाचता येत होता, 'अनुसरून'. सायकल ढकलावी तर चाक फिरेना, म्हणून ती खांद्यावर घेतली आणि धावत सुटलो. वाटेत एकानं थांबून विचारलं, कुठं सापडली.

मैदानावर पोचलो तेव्हा शैलाचं नाव पुकारत होते. मी मांडवाच्या मागच्या बाजूनं घुसलो, सायकल टेकवली, तोवर एका बाईंनी माझा दंड धरला. त्या शाळेच्या मुख्याध्यापिका होत्या. "किती उशीर? केव्हाचा फोन केलाय तुमच्या मालकाला," म्हणत त्यांनी मला पहिल्या रांगेपाशी ओढत नेलं, हातात बांबू दिला आणि वर बोट दाखवलं. मांडवाच्या कापडात पावसाचं पाणी साचून म्हशीच्या पोटाएवढा फुगा आला होता, अगदी पहिल्या रांगेतल्या सोफ्यावर. मी काहीतरी सांगू पाहिलं. तोंडात माती होती. आणि खरं सांगायचं तर त्या अवतारात 'मी शैलाताईंचा नवरा' म्हणण्यापेक्षा बांबू धरणं मला सोपं वाटलं. मी बांबू लावून फुगा वर उचलून धरला.

साहेबबाई सत्कारासाठी स्टेजवर गेल्या होत्या, सोफा रिकामा होता. शैला माइकसमोर आली. तिनं फाइल उघडली, मिटली, पुन्हा उघडली. पहिल्या रांगेच्या कडेला बसलेले मामा खुर्चीच्या टोकावर आले. मला ओरडून सांगावंसं वाटलं, पण सांगणार काय? अनुसरून?

माझ्या बांबूवर पाणी डुचमळत होतं. मग शैलानं फाइल बाजूला ठेवली.

"आमच्या ह्यांनी मला भाषण लिहून दिलं होतं," ती म्हणाली. "ते घरी राह्यलं. आता मला येतं तेवढंच बोलते."

आणि ती बोलली. पहिल्या दिवशी लेकरू दारात कसं लोळण घेतं, दुपारी खिचडीचा वास आला की डोळे कसे पुसतं. एका पोरीनं घरी जाऊन आईला अंगणवाडीसारखं रांगेत बसवून कसं जेवायला लावलं. बाया हसत होत्या, पदर डोळ्यांना लावत होत्या. शेवटी ती म्हणाली, "आमच्याकडं लेकरू येताना रडतं, आन् घरी न्यायला आई आली की आनखी रडतं. मला एवढं सर्टिफिकेट बास हाय."

मांडव टाळ्यांनी दणाणला. मामा उभे राहून टाळ्या वाजवत होते. माझा ऊर भरून आला, आणि मीसुद्धा टाळ्या वाजवल्या. दोन्ही हातांनी.

बांबू पडला. त्या फुग्यातलं सगळं पाणी एकदम सोफ्यावर, टीपॉयवर, हारांच्या परातीवर आणि उरलेलं माझ्या डोक्यावर आलं. टाळ्या थांबल्या. तेवढ्यात खरा मांडववाला धापा टाकत पोचला. त्यानं सोफा पाहिला, मग मला पाहिलं, आणि सगळ्या बायांच्या देखत माझी हजेरी घेतली. एक बांबू धरायचं काम, तेबी जमंना. उद्यापासून यायचं न्हाई.

शैला स्टेजवरून उतरून आमच्याकडं येत होती. पाण्यानं माझा चेहरा बराच धुतला गेला होता आणि तिनं मला ओळखलं होतं, हे तिच्या डोळ्यांत दिसत होतं. आता ती त्याला सांगेल, हे माझे मालक आहेत म्हणून. मी ताठ उभा राहिलो. ती जवळ आली. मला वरून खालपर्यंत पाहिलं, मागं टेकवलेल्या सायकलकडं पाहिलं, आणि मांडववाल्याकडं वळून म्हणाली, "बरं केलंत दादा."

सरकारी नोकरीतून मला अठ्ठावीस वर्षांत कोणी काढू शकलं नव्हतं. मांडववाल्यानं मला कामावर न घेताच काढून टाकलं.