पुढची मान

आमच्या गल्लीतला न्हावी गिऱ्हाइकांना चेहऱ्यापेक्षा मानेवरून जास्त ओळखायचा. लॉकडाऊनमध्ये दुकान बंद होतं, तरी तो अर्धं शटर उचलून कात्र्यांना तेल देऊन यायचा. बायको कुरकुरली की म्हणायचा, "लस येऊ दे गं. लोकांचे केस काय वाढायचे थांबलेत?" त्याचे स्वतःचेही कानांवर आले होते.

लस आली. रांगेतल्या बहुतेक माना उंदराने कुरतडल्यासारख्या दिसत होत्या. ते बघून त्याला बरं वाटलं. पुढे उभ्या असलेल्या मास्तरांची मान मात्र सफाईदार होती. मास्तर त्याचं जुनं गिऱ्हाईक.

"कुठे कापलेत?" त्याने विचारलं.

"घरीच. हिचा हात बसलाय आता." मास्तरांनी वळून त्याच्याकडे पाहिलं. "तुमचे फार वाढलेत हो. या घरी, कापून देईल ती."