पडणार हे माहीत असलेला पूल

मुलीच्या दुबईतल्या शाळेत बुधवारी जेवणाच्या सुट्टीनंतर दप्तरं उघडत नाहीत. मुलं सुतारकामाच्या खोलीत ठोकाठोक करतात, बागेत खणतात, काहीबाही शिजवतात आणि घरी येताना बुटांतून अर्धी बाग घेऊन येतात. आम्ही शारजात अल नहदाला राहतो. आमच्या इमारतीतल्या बहुतेक मुलांच्या शाळांमध्ये बुधवारीही गणिताचा तास असतो, त्यामुळे लिफ्टमध्ये आमच्याकडे जरा चमत्कारिक नजरेनं बघितलं जातं. मलाही ती शाळा पूर्ण कळली होती असं नाही. मुलगी सकाळी हसत जायची, एवढ्यावर मी भागवलं होतं.

मुलगी तेव्हा दहा वर्षांची होती. एके दिवशी तिला घ्यायला गेटपाशी उभी होते, तर तिची वर्गशिक्षिका माझ्याकडेच चालत आली. मूळची आयर्लंडची, उंच, उन्हानं नाक कायम लाल. इंग्रजीत म्हणाली, "तुम्ही पूल बांधता, असं कळलं."

मी मुलीकडे बघितलं. ती बुटाच्या टोकानं वाळू उकरत होती.

"बांधत नाही," मी म्हटलं. "पुण्यात होते तेव्हा पुलांची ड्रॉइंग तपासायचे. आता तेही नाही."

"म्हणजे इंजिनियर आहात."

त्याला काय उत्तर द्यायचं? पदवी आहे, नोकरी नाही. मुलीच्या जन्मापासून मी घरी आहे, व्हिसाही नवऱ्याच्या नावावर. इथे कोणी विचारलं तर मी "हाउसवाइफ" म्हणते आणि पुण्यात कोणी विचारलं तर "सिव्हिल केलंय". कुठे कोणतं उत्तर खरं, ते मी ठरवलेलंच नव्हतं. पण मुलगी समोर उभी होती, म्हणून मी "हो" म्हटलं. शिक्षिकेनं पुढच्या बुधवारचं आमंत्रण देऊन टाकलं. वर्गातली मुलं बागेत पूल बांधणार होती, मी मदतीला यायचं.

रात्री नवऱ्यानं विचारलं, "मदत म्हणजे काय करायचं?"

"माहीत नाही."

"बांबू उचलायचे असतील," तो म्हणाला. दुबई सिलिकॉन ओएसिसमधल्या त्याच्या ऑफिसातून घरी यायला त्या दिवशी ट्रॅफिकनं त्याचा जीव काढला होता. त्यामुळे मी तो विषय तिथेच सोडला.

बुधवारी गेले. बागेत भाज्यांचे वाफे होते आणि त्यांच्या अलीकडे मुलांनीच खणलेला एक चर. गुडघाभर खोल, पण उडी मारून पार करता येणार नाही इतका रुंद. वाफ्यांना खत घालायचं तर एकचाकी ढकलगाडी पलीकडे न्यायला हवी, म्हणून पूल. बांबू, काथ्याची दोरी आणि फळ्या एका बाजूला रचलेल्या होत्या.

शिक्षिकेनं मला सावलीत घेऊन हळूच समजावलं, "एकच विनंती आहे. उत्तर सांगायचं नाही. प्रश्न विचारायचे. चुकू द्यायचं त्यांना. हातांनी करून जे कळतं, ते सांगून कळत नाही."

मला ते पटलं. आमच्या वेळी सगळं सांगूनच झालं होतं. प्रॅक्टिकलचं उत्तर आधी पाठ असायचं आणि प्रयोग नंतर. स्वतःच्या हातांनी केलेली एकच गोष्ट मला आठवते. कॉलेजच्या वर्कशॉपमध्ये लोखंडाचा एक चौकोनी तुकडा कानशीनं घासत बसले होते, कडा काटकोनात येईपर्यंत. त्या तुकड्याचा काही उपयोग नव्हता, तरी तो तयार झाला तेव्हा काय आनंद झाला होता!

मुलं कामाला लागली. माझी मुलगी आणि एक केरळचा चष्मेवाला मुलगा अशी दोघांची मुकादमी चालली होती. मुलगा मोजमापं ओरडून सांगत होता, मुलगी गाठी मारत होती. तिच्या गाठी बघून मी चकित झाले, कुठे शिकली कोण जाणे. त्यांनी चरात ओळीनं बांबूच्या चौकटी उभ्या केल्या, वर फळ्या बांधल्या. दिसायला तो पूल छान होता.

आणि तो पडणार होता. उभे बांबू होते, आडवे होते, पण तिरका एकही नव्हता. नुसत्या चौकटीला बाजूनं धक्का बसला की ती रिकाम्या खोक्यासारखी मुडपते. पहिल्या वर्षाला असताना मास्तरांनी फळ्यावर काढून दाखवलं होतं. इथे मी ते डोळ्यांनी बघत होते आणि बोलायचं नव्हतं.

मी प्रश्न विचारायचा प्रयत्न केला. "गाडी जरा वाकडी गेली तर काय होईल?"

"वी विल पुश इट स्ट्रेट," चष्मेवाला म्हणाला.

"आणि वारा आला तर?"

"आंटी, इट्स अ गार्डन."

मुलगी माझ्याकडे बघून डोळे मोठे करत होती. त्याचा अर्थ होता, आई, पुरे. मी सावलीत जाऊन उभी राहिले आणि मागे हात बांधले, कारण हात आपोआप पुढे येत होते.

त्या आठवड्यात ती घरी रोज पुलाबद्दल बोलायची. एकदा मी भाजी निवडत असताना तिनं सरळच विचारलं, "आई, विल इट स्टँड?"

"तुला काय वाटतं?"

"आय थिंक येस. पण तुला काय वाटतं?"

"तुला का वाटतं तो उभा राहील असं?"

"यू साउंड लाइक माय टीचर," ती म्हणाली आणि आत गेली. ते कौतुक होतं की तक्रार, मला कळलं नाही.

नवरा सोफ्यावरून म्हणाला, "सांगून टाक ना. एवढं काय?"

"मग ती शिकणार कशी?"

"तू कशी शिकलीस?"

"मला सांगितलं होतं."

"मग?"

मी भाजी निवडत राहिले.

पुढच्या बुधवारी पुलाची चाचणी होती. ढकलगाडीत खत भरलं, फार नाही, पण मुलांना ढकलायला जड जाईल इतकं. गाडी कोणी न्यायची यावर भांडण झालं आणि शेवटी माझ्या मुलीचं नाव ठरलं, गाठी तिच्या म्हणून. ती पुलाच्या तोंडाशी उभी राहिली. चर गुडघाभरच होता, खाली मऊ वाळू होती, हे मला ठाऊक होतं. तरी मी शिक्षिकेकडे बघितलं. ती हसून मान डोलावत होती. मला वाटलं, हिला माहीत आहे, हिनं सगळा विचार केलाय.

मुलगी निघाली. मध्यापर्यंत गाडी सरळ गेली. मग चाक एका फळीच्या कडेला अडकलं, तिनं गाडी जरा उजवीकडे वळवली आणि सगळा पूल डावीकडे झुकला. मोठा आवाज वगैरे काही झाला नाही. एकही गाठ सुटली नाही, तिच्या गाठी शेवटपर्यंत पक्क्या राहिल्या. फक्त चौकटी आडव्या झाल्या आणि गाडी, खत, फळ्या आणि माझी मुलगी एकावर एक चरात गेली.

मुलं आधी किंचाळली, मग हसायला लागली, दोघं-तिघं टाळ्या वाजवायला लागली. मी धावले. तिचा गुडघा खरचटला होता, केसांत खत होतं, पण ती धड होती. शिक्षिका मागून म्हणत होती, "छान! आता सांगा, काय दिसलं तुम्हाला?"

मुलीनं तिच्याकडे बघितलंच नाही. ती माझ्याकडे बघत होती. माझ्या चेहऱ्यावर काळजी असेल, पण आश्चर्य नव्हतं आणि तेच तिनं टिपलं.

घरी जायला कारमध्ये बसल्यावर तिनं पट्टा लावला आणि समोर बघत म्हणाली, "तुला माहीत होतं."

तिनं ते मराठीत म्हटलं. ती माझ्याशी अख्खं वाक्य मराठीत क्वचितच बोलते.

"हो."

"केव्हापासून?"

"पहिल्या दिवसापासून."

"देन व्हाय डिडन्ट यू से?"

"मिसनी सांगितलं होतं, सांगू नका म्हणून. तुम्ही स्वतः शोधावं म्हणून."

"पण आय आस्क्ड यू. घरी. मी तुला विचारलं होतं."

मी म्हटलं, कधीकधी चूक झाल्यावर जास्त चांगलं कळतं. ती म्हणाली, "आय डिडन्ट मेक अ मिस्टेक. यू वॉच्ड मी मेक इट." या दोन वाक्यांत फरक काय, हे मी दुबई-शारजाच्या सीमेवरच्या सिग्नलपर्यंत शोधत होते. तिला तो स्पष्ट दिसत होता. घरी गेल्यावर तिनं गुडघ्याला स्वतःच औषध लावलं आणि खोलीचं दार लोटून घेतलं.

दुसऱ्या दिवशी मी शाळेत लवकर गेले आणि शिक्षिकेला गाठलं. मला तिच्याकडून ऐकायचं होतं की आम्ही बरोबर केलं. म्हटलं, "ती माझ्यावर रागावलीय. मला माहीत असून मी सांगितलं नाही म्हणून."

शिक्षिका थबकली. "तुम्हाला माहीत होतं?"

"म्हणजे? तुम्हाला नव्हतं?"

"नाही," ती म्हणाली. तिचं लाल नाक आणखी लाल झालं. "मला तो पूल चांगला वाटला होता. मी इतिहास शिकलेय. तुम्ही काही बोलला नाहीत, म्हणून मला वाटलं सगळं ठीक असणार. पडेल असं वाटलं असतं, तर मी निदान गाडी रिकामी न्यायला लावली असती."

आम्ही दोघी कॉरिडॉरमध्ये एकमेकींकडे बघत उभ्या राहिलो. मी तिच्या भरवशावर गप्प होते आणि ती माझ्या गप्पपणाच्या भरवशावर निर्धास्त होती. मुलं मात्र समजत होती की समोर दोन मोठी माणसं उभी आहेत, त्या अर्थी कुणीतरी बघतंय. मला हसू येत होतं आणि रडूही. तिनं माफी मागितली, मीही मागितली, पण कुणी कशाची ते नीट ठरलं नाही.

"मग आता सांगू का त्यांना?" मी विचारलं.

ती म्हणाली, "मला खरंच माहीत नाही. तुम्हीच ठरवा."

मी घरी जाऊन एका खोक्याच्या पुठ्ठ्याच्या पट्ट्या कापल्या आणि पुढच्या बुधवारी टाचण्यांबरोबर त्या मुलांपुढे ठेवल्या. चार पट्ट्यांचा चौकोन, तीन पट्ट्यांचा त्रिकोण. म्हटलं, "हलवून बघा." याला सांगणं म्हणायचं की न सांगणं, याचा मी आजही निकाल लावू शकलेले नाही. चौकोन मुडपला, त्रिकोण हलेना. चष्मेवाल्या मुलानं त्रिकोण दोन्ही हातांनी पिळून बघितला, दातांत धरून बघितला. मग तो उठून थेट बांबूंच्या ढिगाकडे पळाला. माझी मुलगी पट्ट्यांना हात न लावता लांबून बघत होती. पण तिरके बांबू बांधायची वेळ आली तेव्हा गाठी मारायला तीच आली.

दुसरा पूल टिकला. देखणा अजिबात नव्हता, एक बाजू वर, एक खाली. पण भरलेली गाडी पलीकडे गेली, परत आली, मग गाडीत एक मुलगा बसून गेला आणि शिक्षिका ओरडली, तेव्हा तो खेळ थांबला. माझी मुलगी हसत होती. माझ्याकडे बघून हसत होती का, हे मला लांबून कळलं नाही.

रविवारी तिनं माझ्या आईला व्हिडिओ कॉलवर सगळी गोष्ट सांगितली, मोडक्यातोडक्या मराठीत, हातवारे करून. "आजी, फर्स्ट ब्रिज पडला. मग आम्ही शोधून काढलं की ट्रँगल स्ट्राँग असतो."

"कुणी शोधलं?" आईनं विचारलं.

"आम्ही. सगळ्यांनी."

मी शेजारीच बसले होते. या गोष्टीत मी नव्हतेच. शिक्षिकेच्या शिकवणीप्रमाणे मला आनंद व्हायला हवा होता, पूर्ण यश म्हणतात ते हेच असणार. मला थोडा आनंद झाला आणि थोडं एकटंही वाटलं.

त्याच संध्याकाळी मी तिचे केस विंचरत असताना तिनं विचारलं, "नेक्स्ट टर्म येशील?"

"तुला हवं आहे का मी यायला?"

"डोन्ट आस्क मी क्वेश्चन्स," ती वैतागली. मग आरशातून माझ्याकडे बघत म्हणाली, "ये. पण तुला काही माहीत असेल तर हात वर कर. मग मी सांगेन, सांगायचं की नाही ते."

दहा वर्षांच्या मुलीनं आईला बोलायची परवानगी द्यावी, हे मला बरं वाटलं की नाही? अजून ठरत नाही. मी "बरं" म्हटलं आणि वेणी घातली. नव्या सत्रात मुलं खजुरीच्या झावळ्यांच्या टोपल्या विणणार आहेत, असं शिक्षिकेनं कळवलंय. टोपल्यांतलं मला ओ की ठो कळत नाही. तरी मी येते म्हणून सांगितलंय.