कुंकवाखालचे नंबर

दसऱ्याला स्कूटरची पूजा करताना बोटाला ओलं कुंकू लागलं, की मला खारघरच्या आमच्या सोसायटीतली मुलांनी स्वतः बनवायच्या छोट्या लाकडी गाड्यांची शर्यत आठवते. स्वयंसेवक मीच गोळा केले होते. गाड्या कोण सोडणार, निकाल कोण लिहिणार, सगळं वाटून दिलं होतं. शेजारच्या विंगमधल्या साताऱ्याच्या काकूंकडे टेबलावरच्या गाड्या सांभाळायचं सोपं काम होतं. मी गाड्या सोडायची उतरती फळी बसवून परत आलो, तर त्यांनी चोवीसच्या चोवीस गाड्यांची पूजा उरकली होती आणि प्रत्येक टपावर, नेमकं नंबराच्या चिठ्ठीवर, ओल्या कुंकवाचं स्वस्तिक काढलं होतं. "पूजेबिगर नवी गाडी पळवत्यात का कुठं?" त्या म्हणाल्या. शाई पसरून एकही नंबर वाचता येत नव्हता, आणि कुठला नंबर कुणाचा एवढंच माझ्या यादीत होतं. मी ती यादी वरपासून खालपर्यंत दोनदा वाचली. शेवटी काकूच मुलांना म्हणाल्या, "ज्याची त्यानं वळखून घ्या." पोरं धावली आणि बघता बघता टेबल रिकामं झालं, भांडण एकही नाही. एक निळी गाडी उरली, आणि तिच्यासमोर माझी मुलगी. "बाबा, ही माझी आहे का?" पावणे औद्योगिक वसाहतीतल्या एका वर्कशॉपमध्ये दोन रविवार घालवून ती मी बनवली होती, खराब होईल म्हणून मुलीला हातही लावू दिला नव्हता. हो म्हणावं की नाही, तेव्हा कळलं नाही. यंदा पूजेची स्कूटर तिचीच होती, तिच्या पैशांची, आणि त्या निळ्या गाडीचं उत्तर मला अजूनही कळलेलं नाही.