हेस्टरबाई एकेरीत
अमेरिकेतल्या एडिसन गावच्या मराठी मंडळात अक्कल शोधायची तर हातात कंदील घेऊन हिंडावं लागेल, असं शोभनाचं ठाम मत होतं. समोशांच्या ऑर्डरवर तासभर मीटिंग करणाऱ्यांबद्दल आणखी काय मत असणार!

नागपूरची इंग्रजीची एम.ए. इथे विमा कंपनीत क्लेम्स तपासत बसली होती. लायब्ररीने काढून टाकलेल्या पुस्तकांच्या ढिगात तिला हेस्टर पेनिकॉट या इंग्रज बाईंची एक कादंबरी सापडली आणि ती त्या बाईंच्या नादीच लागली. दोन महायुद्धांच्या मधल्या काळात हेस्टरबाईंनी जेवणाच्या टेबलावर बसून लिहिलं. नवरा बँकेत मॅनेजर. त्याने बायकोचं एकही पुस्तक उघडलं नाही, पण सूप थंड झालं की घर डोक्यावर घ्यायचा. बाईंनी असल्या पुरुषांची कादंबऱ्यांतून शांतपणे सालटी काढली. पुढे जग त्यांना विसरलं. मराठीत तर त्यांच्याबद्दल कुणी अवाक्षर काढलेलं नव्हतं. शोभनाने दोन वर्षं खपून लेख लिहिला आणि दुसरं कोण छापणार म्हणून मंडळाच्या स्मरणिकेला दिला.

स्मरणिकेचे संपादक गुरुनाथकाका. रिटायर्ड इंजिनियर, उंटावरचे शहाणे. मराठी टाइप करता येतं, एवढ्या भांडवलावर संपादक झालेले.

दिवाळीच्या कार्यक्रमात अंक हातात पडला आणि शोभनाने घाईघाईने आपलं पान काढलं. ‘ती काळात इंग्लंडमध्ये’, ‘तीवेळी’, ‘तींच्या कादंबऱ्या’. खाली तिचं नाव, ठळक टायपात. वाचणाऱ्याला वाटावं, या बाईला मराठी येत नाही. ती तडक काकांकडे गेली.

“काका, हे काय केलंत?”

“अगं, ‘त्या’ म्हटलं की कुणाची तरी सासू वाटते. ‘ती’ कसं लिटररी वाटतं! फाइंड-रिप्लेस मारलं, सगळीकडे ‘त्या’चं ‘ती’, टू मिनिट्स.”

“आणि बाईंच्या नवऱ्याला मी ‘तो’ लिहिलं होतं. त्याचा ‘ते’ कसा झाला?”

“ते मात्र हाताने करेक्ट केलं हं, एकेक. अगं, बँक मॅनेजर होते ते!”

ती जागेवर परतली. नवरा यतीन समोसा खात म्हणाला, “जाऊ दे ना यार, वाचतंय कोण?” ते खरं होतं, म्हणूनच तिला जास्त झोंबलं. रडू येणार होतं, पण त्याआधी संताप आला.

तेवढ्यात निवेदन करणाऱ्या देवयानीने तिला लेखाबद्दल दोन शब्द बोलायला स्टेजवर बोलावलं. शोभनाने माइक घेतला.

“माझ्या लेखाचा संपादक गुरुनाथ. तो बघा, पहिल्या रांगेत बसलाय, शेला घेऊन. त्याने लेख वाचला नाही. वाचायचा त्याला कंटाळा. बाकी मुलगा बरा आहे.”

हॉलमध्ये कुणाचा घास तोंडातच राहिला, कुणी खाली बघू लागलं. काका लालबुंद होऊन उभे राहिले.

“शोभना! तोंड सांभाळ! वडिलांच्या वयाचा आहे मी तुझ्या!”

“आणि हेस्टरबाई तुझ्या आजीच्या वयाच्या होत्या रे,” ती म्हणाली.