सरांच्या बोटातली अंगठी

मी सूड घेतला, आणि अगदी नियमाने घेतला. त्याचं मला आजही तिळभर वाईट वाटत नाही.

ऐंशीच्या दशकात रत्नागिरीच्या एका कॉलेजात मी फिजिक्सची डेमॉन्स्ट्रेटर होते. लॅबमध्ये लेसर आला आणि त्याच्याबरोबर मोटारीवर बसवलेले दोन बारके आरसे. आरसे हलले की किरण वळतो आणि भिंतीवर लाल आकृत्या उमटतात. मी म्हटलं, किरण कमरेच्या उंचीवर ठेवू, आणि तो जिथे संपतो तिथे काळी फळी उभी करू. आमचे विभागप्रमुख सर हसले. "उद्घाटनाच्या पाहुण्यांनी काय वाकून बघायचं? डोळ्यांसमोर हवं. बाई, तुम्ही पोह्यांचं बघा."

आणि मी गेले हो, मुकाट्याने पोह्यांचं बघायला गेले.

परत आले तर मामा डोळा धरून खाली बसलेले. मामा म्हणजे आमचे शिपाई, किनाऱ्यावरच्या नाटे गावचे, सुट्टीत घरी गेले की जाळी विणणारे. सरांनी लेसर चालू ठेवूनच त्यांना फर्मावलं होतं, "बघ रे, आरशावर बरोबर पडतोय का." मामांनी गवंडी ओळंबा बघतो तसा डावा डोळा मिटला आणि उजवा थेट किरणात धरला. मिरजेच्या डॉक्टरांनी सांगितलं, त्या डोळ्यासमोर आलेला काळा ठिपका आता कायमचा राहणार. मामा मला एवढंच म्हणाले, "जाळ्याचा आस दिसत नाय ओ बाई." आस म्हणजे जाळ्याचं एकेक भोक.

सरांनी प्राचार्यांना लिहून दिलं, 'डेमॉन्स्ट्रेटरच्या निष्काळजीपणामुळे.' माझ्या! तळपायाची आग मस्तकात गेली. भांडले असते तर नोकरी गेली असती. मी वाट बघितली.

यंत्र पुन्हा बसवायचं ठरलं, तेव्हा सर म्हणाले, "आता तुम्हीच बसवा, जबाबदारी तुमची." बरं, म्हटलं. किरण कमरेखाली आणला, आरशांभोवती काळा खोका केला, शेवटी काळी फळी ठोकली. मग एक कागद टाइप केला : लेसर चालू असताना घड्याळ, बांगड्या, अंगठी, चकचकीत काहीही घालून आत येऊ नये. किरण त्यावरून उसळून कुणाच्याही डोळ्यात जाईल. नियम शंभर टक्के खरा होता. पण मेल्या अंगठीचं मला आणखीही काही ठाऊक होतं. बढतीसाठी घातलेली ती पुष्कराजाची अंगठी आता सरांच्या बोटातून निघत नव्हती. बेसिनपाशी साबण लावून ओढताना मी त्यांना पाहिलं होतं. सर कुठलाही कागद वाचत नसत. खाली झोकदार सही ठोकून मोकळे झाले.

उद्घाटनाच्या दिवशी पूजेचं ताम्हनसुद्धा मी व्हरांड्यात ठेवायला लावलं. पाहुण्यांनी घड्याळ काढलं. मी बांगड्या पर्समध्ये टाकल्या. सर आत शिरायला लागले.

"सर, अंगठी."

"अहो, काहीतरीच काय!"

"तुमचीच सही आहे, सर." मी कागद पाहुण्यांच्या हातात दिला.

पाहुणे म्हणाले, "बरोबर आहे. नियम म्हणजे नियम."

साबण आला, खोबरेल आलं. बोट लालबुंद झालं, अंगठी काही हलेना. बघ्यांत पोरं फिदीफिदी हसायला लागली. ओढा, मनात म्हटलं, आणखी ओढा. मग मी सरांना बाहेर ठेवून दार लावून घेतलं आणि पाहुण्यांना सांगितलं, "लेसरची किल्ली मामा फिरवतील."

मामांनी किल्ली फिरवली. काळ्या फळीवर लाल वर्तुळ उमटलं, अखंड, सुरेख. टाळ्या पडल्या. मामांनी सवयीने डावा डोळा मिटून त्याच्याकडे पाहिलं आणि हळूच मला म्हणाले, "बाई, मध्येच तुटलाय ओ हा."

"हो मामा," मी म्हटलं, "करते नीट."

बाहेरून सरांनी दोनदा दार वाजवलं. पर्समध्ये काळी चिकटपट्टी होती. अंगठीवर एक वेढा दिला असता तर ते खुशाल आत आले असते. मी पर्सची चेन लावली.